क्रोमोसॉर्ब 106 ऐवजी कोणता सॉर्बेंट घ्यावा?

हवेतील बाष्पनशील सेंद्रिय प्रदूषकांचे नमुने घेण्यासाठी अनेक प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षे क्रोमोसॉर्ब 106 हा सॉर्बेंट, म्हणजे हवेतील संयुगे आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ, भरलेल्या नळ्या वापरल्या. हा सॉर्बेंट मिळेनासा झाल्यावर साधारण तेवढ्याच पृष्ठफळाचा दुसरा शोधण्याकडे कल असतो, आणि निवड चुकते ती तिथेच. आपल्याला कोणती संयुगे मोजायची आहेत, किती तापमानाच्या व किती दमट हवेत मोजायची आहेत आणि ती विश्लेषणासाठी (सहसा नळी तापवून) नळीतून पुन्हा पूर्णपणे सुटतील का, हे आधी ठरवावे.

पहिला विचार टेनॅक्स टीए या सच्छिद्र पॉलिमरचा होतो. तो 350 अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान सहन करतो, पाणी फारसे धरत नाही आणि त्याची कोरी (नमुना न घेतलेली) नळी तपासली तर ती क्रोमोसॉर्बपेक्षा पुष्कळ स्वच्छ येते. मात्र हलक्या संयुगांना तो नीट धरून ठेवत नाही. 200 मिलिग्रॅम टेनॅक्सच्या नळीतून 20 अंशांना टोल्युइनसाठी सुमारे 38 लिटर हवा निर्धास्त, म्हणजे संयुग नळीतून निसटून न जाता, खेचता येते, पण बेन्झिनसाठी 6.2 लिटरच. तापमान दर 10 अंशांनी वाढले की ही मर्यादा ढोबळमानाने निम्मी होते. म्हणजे मे महिन्यात नागपुरात 40 अंशांना नमुना घेताना बेन्झिनसाठी जेमतेम दीड लिटर उरतात. मिनिटाला 50 मिलिलिटर या वेगाने ते अर्ध्या तासात संपतात. भारताच्या 2009 च्या मानकांत बेन्झिनची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम इतकी कमी असल्याने, आणि एवढे थोडे बेन्झिन मोजायला पुरेशी हवा खेचावी लागत असल्याने, हे गणित सोडून चालत नाही.

बेन्झिन किंवा 1,3-ब्युटाडाइन हवे असेल, तर मी कार्बोपॅक एक्ससारख्या ग्राफाइटीकृत कार्बनला पसंती देईन. टर्पिनांसाठी (झाडांतून निघणारी सुगंधी संयुगे) मात्र कार्बन टाळावा, कारण त्याच्या पृष्ठभागावर ती बदलू शकतात. तिथे टेनॅक्सच बरा. कार्बन मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचे कार्बन, अतिशय हलकी संयुगे पकडतात, पण पाणीही साठवतात, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात नळी तापवण्याआधी कोरड्या वायूने ती सुकवून घ्यावी लागते. नारळाच्या करवंटीचा कोळसा कार्बन डायसल्फाइडने संयुगे सोडवण्याच्या पद्धतीसाठी ठीक आहे, तापवून सोडवण्यासाठी नाही.

एकाच नळीत दोन सॉर्बेंट भरायचे असल्यास कमजोर (संयुगे सैलसर धरणारा) सॉर्बेंट हवा शिरते त्या बाजूला ठेवावा आणि तापवताना वायू उलट दिशेने सोडावा, म्हणजे जड संयुगे बळकट थरापर्यंत पोहोचत नाहीत. अशा नळीची तापमान मर्यादा दोहोंतल्या नाजूक सॉर्बेंटची असते. बळकट सॉर्बेंटला स्वच्छ होण्यास त्याहून जास्त तापमान लागत असेल, तर ती जोडी मुळातच जुळत नाही.

निवड झाल्यावर प्रत्यक्ष जागेवर दोन नळ्या एकापाठोपाठ जोडून नमुना घ्यावा. मागच्या नळीत एखाद्या संयुगाचे प्रमाण 5 टक्क्यांहून अधिक आढळले, तर त्या संयुगासाठी हवेचे आकारमान कमी करावे किंवा सॉर्बेंट बदलावा. शेजारी शेजारी ठेवलेल्या नळ्यांतून 1 आणि 4 लिटर हवा खेचून दोन्हींची संहती जुळते का, हेही पाहावे. टेनॅक्सच्या नमुन्यात बेन्झाल्डिहाइड आणि ॲसिटोफिनोन दिसली, तर ती ओझोनमुळे टेनॅक्समधूनच आली असण्याची शक्यता तपासल्याशिवाय अहवालात लिहू नयेत.