उचल घेण्यापूर्वी : झाडीपट्टीत नव्याने येणाऱ्या कलावंतांसाठी

झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या नाटकांचा, हंगाम भाऊबीजेच्या सुमारास मंडईबरोबर, म्हणजे गावच्या जत्रेबरोबर, सुरू होऊन होळीपर्यंत चालतो, नाटक रात्री दहाच्या पुढे उभे राहते ते पहाटेच संपते, आणि गावोगावच्या नाटकांचे सौदे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला होतात, हे या वाटेवर येऊ पाहणाऱ्याला मी नव्याने सांगावे असे नाही. आवाज, पाठांतर आणि रात्रभर जागण्याची ताकद या गोष्टी हंगामात उतरल्यावर अंगवळणी पडतात. उचलीचा, म्हणजे नाटक कंपनीकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेब मात्र आपोआप समजत नाही. तो कोणी समजावूनही सांगत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा होळी नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे आपला हंगाम तेवढा वाचला असे आम्हांला वाटले होते. पुढचा हंगाम जवळजवळ कोरडा गेला. ऑर्गनवर बसणारे हात धानाच्या बांधीत आणि वीटभट्टीवर दिसू लागले. २२ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील नाट्यगृहे निम्म्या क्षमतेने उघडली, तेव्हा दिवाळी दोन आठवड्यांवर होती. आमच्याकडे नाट्यगृह नसते, उघड्या मैदानावर मंडप असतो, त्यामुळे परवानगीचा प्रश्न गावागणिक वेगळा होता. तरीही धान चुरून झाले आणि बोलावणी येऊ लागली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यात बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि २०१४ पासून बंद असलेला शंकरपट, म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत, पुन्हा भरणार या बातमीने गावांचा उत्साह दुणावला, कारण जेथे पट तेथे रात्री नाटक, हे आमच्याकडे ठरलेलेच असते. त्या भरात कंपन्यांनी कलावंतांना उचल दिली आणि दीड वर्ष हातात काही नसलेल्या आम्ही ती घेतली.

१० जानेवारी २०२२ पासून राज्यात रात्री ११ ते पहाटे ५ संचारबंदी लागू झाली. शहरी रंगभूमीला तिसऱ्या अंकाची काटछाट करून प्रयोग आटोपता आला असता. आमचे नाटक त्याच सहा तासांत घडते. तारखा रद्द होऊ लागल्या आणि सगळे निर्बंध एप्रिलमध्ये उठले तोवर होळीही होऊन गेली होती.

आता सापळा नीट पाहा. समजा, तुमची एका नाईटची, म्हणजे एका प्रयोगाची, बिदागी १५०० रुपये ठरली, उचल ३०,००० घेतली आणि प्रत्येक नाईटला ५०० रुपये कापायचे ठरले. उचल फिटायला साठ नाईट लागतील. त्यांतल्या पंचवीस रद्द झाल्या, तर १२,५०० रुपये अंगावर राहतात. येथपर्यंत हिशेब सरळ आहे. अडचण पुढे सुरू होते : बाकी फिटेपर्यंत तुम्ही त्याच कंपनीचे, आणि तेही जुन्याच दराने. पुढच्या हंगामात बाजार तेजीत आला, शेजारची कंपनी जास्त देऊ लागली, तरी तुम्हांला हलता येत नाही. शिवाय रद्द झालेल्या तारखा तुम्ही दुसऱ्या कोणाला दिलेल्या नसतात, म्हणजे त्या रात्रीची मिळकत गेलीच आणि त्या रात्रीचे कर्जही तसेच राहिले. मी या चक्रात पुरता एक हंगाम काढला आहे आणि अजूनही तो आठवला की संताप होतो.

म्हणून उचल हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : नाईट रद्द झाली तर तिची कपात कोणाच्या खात्यावर? गावाने सौदा ठरवताना दिलेला इसार कंपनीकडे राहणार असेल, तर त्यातला काही भाग कलावंताला मिळणार की नाही? उत्तर कागदावर घ्यावे. ‘आपण घरचीच माणसे आहोत’ हे उत्तर ऐकू आले, तर सरळ उठून यावे.

यावरून मालक मंडळी दुष्ट असतात असा अर्थ काढू नये. मंडप, गाडी, जाहिरातींचे फलक यांवर त्यांचाही पैसा बुडाला होता, आणि पडत्या काळात पहिला फोन अनेकदा त्यांचाच आला. घाबरण्याचेही कारण नाही. प्रेक्षक गेलेला नाही. थंडीत घोंगडे पांघरून पहाटेपर्यंत बसणारा आणि पाहुण्यांना खास नाटकासाठी बोलावणारा प्रेक्षक तुम्हांला पहिल्याच महिन्यात भेटेल. काम मिळेल.

फक्त ते रील पाहून मिळेल, ही समजूत सोडावी. २०२३ मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून ‘मला पण घेता का’ असे विचारणारी पोरे वाढली आहेत, पण त्या सन्मानामागे हजारो प्रयोग उभे आहेत हे त्यांना ऐकायचे नसते. दोन दिवसांच्या अभिनय शिबिरांवर माझा काडीचा विश्वास नाही. गुरू करायचाच असेल तर जुना प्रॉम्प्टर गाठावा. त्याला सगळ्यांची वाक्ये माहीत असतात, कोण कोठे अडखळतो हे माहीत असते, आणि कोणत्या कंपनीने कोणाची बाकी किती वर्षे ओढली हेही त्यालाच माहीत असते.

होळीनंतर वडशाला स्वतः जाऊन बाकीचा आकडा तारखेसह लिहून घ्यावा आणि त्याखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. फोनवर सांगितलेला आकडा पोळ्यापर्यंत बदललेला असतो.