इंक टँक रंगीत प्रिंटर घेताना: खान्देशच्या उन्हात टिकेल असा

इंक टँक प्रिंटर, म्हणजे बाटलीने टाकीत शाई भरायचा प्रिंटर, बिघडतो तो बहुतेक वेळा शाई संपल्याने नाही, शाई वाळल्याने. भुसावळ-जळगावात एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ च्या पुढे जातो, हवेत ओल नसते, आणि प्रिंटरच्या हेडमधली, म्हणजे कागदावर शाई उडवणाऱ्या भागातली, छिद्रं केसापेक्षाही बारीक असतात. या मशीनच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान सहसा ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. पत्र्याच्या खोलीत ही मर्यादा सकाळी अकरालाच ओलांडली जाते. म्हणून दुकानात गेल्यावर आधी किंमत आणि वायफाय विचारू नका, हेड कोणतं आहे ते विचारा.

हेडचे दोन प्रकार आहेत. एप्सन आणि ब्रदरमध्ये पिझो हेड असतं. त्यात शाई तापवली जात नाही, विजेच्या झटक्याने एक बारीक पडदा हलतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. हे हेड दीर्घकाळ चालतं, पण ते मशीनमध्ये कायमचं बसवलेलं असतं. कायमचं चोंदलं तर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं, आणि खर्चाचा आकडा ऐकून नवीनच घ्यावा असं वाटतं. कॅनन आणि एचपीमध्ये थर्मल हेड असतं. तिथे शाई क्षणभर उकळते आणि बुडबुड्याच्या जोराने थेंब उडतो. हे हेड तुलनेने लवकर झिजतं. मात्र कॅननच्या जी मालिकेतल्या घरगुती मॉडेलांत आणि एचपीच्या टाकीवाल्या साध्या मॉडेलांत काळं एक आणि रंगीत एक अशी दोन हेडं सुटी मिळतात आणि घरच्या घरी बदलता येतात.

यावरून निवड सोपी होते. रोज किंवा दिवसाआड छपाई असेल, म्हणजे घरात शिकवणी चालते, दोन मुलं शाळेत आहेत, छोटा धंदा आहे, तर पिझो घ्या. आठवडा आठवडा मशीन झाकून राहणार असेल, उन्हाळ्यात महिनाभर गावी कुलूप असेल, तर सुटं हेड मिळणारं घ्या. महिन्याला पंधरा-वीस पानंच निघत असतील आणि तीही काळी, तर दोन्ही घेऊ नका. लेसर प्रिंटरची पावडर (टोनर) वाळत नाही, त्यामुळे अशा घराला काळा-पांढरा लेसर बरा. नाहीतर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आहेच.

हिशेब एकदा कागदावर मांडा. एप्सनच्या एल३२१०, एल३२५० या मॉडेलांना ००३ क्रमांकाची ६५ मिलिलिटरची बाटली लागते. काळ्या बाटलीत ४५०० पानं आणि तीन रंगीत बाटल्या मिळून ७५०० पानं, असा कंपनीचा आकडा आहे. कॅननच्या जी२०१०, जी३०१० ला जीआय-७९० शाई लागते. काळी बाटली १३५ मिलिलिटरची आणि ६००० पानांची, रंगीत बाटल्या ७० मिलिलिटरच्या आणि मिळून ७००० पानांच्या. हे आकडे चाचणीच्या विरळ पानांवर मोजलेले असतात. घरच्या वापरात, हेड साफ करण्यात जाणारी शाई धरून, निम्मेच धरावेत. समजा काळी बाटली ४०० रुपयांना पडली. ४५०० च्या निम्मी, म्हणजे २२५० पानं निघाली तरी पानामागे १८ पैसे होतात. ५०० कागदांची रीम ३०० रुपयांना धरली तर कागदच ६० पैशांचा. म्हणजे शाईपेक्षा कागद महाग! त्यामुळे ‘आमची बाटली पन्नास रुपयांनी स्वस्त’ या बोलण्यावर मॉडेल ठरवू नका.

खरा भार मशीनच्या किमतीचा. झेरॉक्सच्या दुकानात काळं पान ३ रुपये आणि रंगीत १० रुपये धरू. महिन्याला १०० काळी आणि ३० रंगीत पानं लागत असतील तर बाहेर ६०० रुपये जातात, घरी कागद-शाईचे सव्वाशेच्या आसपास. १३ हजारांचं मशीन सव्वादोन वर्षांत फिटतं. महिन्याला तीसच पानं असतील तर ते फिटायच्या आधी पट्टा सैल होतो.

पूर्ण पान भरून फोटो काढायचा असेल तर वरचा हिशेब विसरा. एका ए-४ फोटोत आठ-दहा साध्या रंगीत पानांची शाई सहज जाते.

काळी शाई कोणती, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. शाई दोन प्रकारची: पिगमेंट, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली, आणि डाय, म्हणजे रंग पूर्ण विरघळलेली. काळी शाई पिगमेंट असेल तर साध्या कागदावर अक्षर ठसठशीत उठतं आणि पाण्याचा थेंब पडला तरी पसरत नाही. सातबारा, शाळेचे दाखले, विद्यापीठाचे फॉर्म घेऊन पावसाळ्यात तहसीलला जाणाऱ्याला याचं मोल कळतं. कॅननच्या जी मालिकेतल्या चार शाईंच्या मॉडेलांत काळी पिगमेंट आणि रंगीत डाय असते. एप्सनच्या ००३ मध्ये चारही डाय आहेत, त्यामुळे ओल्या बोटाने काळं अक्षर फरकटतं, पण चकचकीत कागदावर फोटो छान येतो. पिगमेंटवाल्या मशीनमध्ये फोटो पेपर घालून सेटिंग मात्र ‘साधा कागद’ ठेवलं, तर काळा भाग वाळतच नाही आणि हाताला लागतो. मशीनचा दोष समजून लोक ते दुकानात परत घेऊन जातात. दोष सेटिंगचा असतो.

कागद कुठून जातो तेही बघा. मागून उभा कागद घेणारं मशीन स्वस्त असतं, आणि तिथे तोंड वरच्या बाजूला उघडं राहतं. जिनिंगच्या किंवा रस्त्याच्या कडेच्या घरात त्यात धूळ बसते. पेन, पिना, मुलांची नाणी पडतात, पालही शिरते. मग कागद वाकडा जातो किंवा अडकतो. खालच्या बंद ट्रेमधून कागद घेणारं मॉडेल, उदाहरणार्थ ब्रदरचं, इथे सरस. मागून घेणारं घेतलंत तर छपाई झाली की कागद काढून झाकण लावा आणि वर जुना सुती पंचा टाका.

कूलरचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. कूलरच्या झोतासमोर प्रिंटर ठेवला की कागद ओल धरतो, मऊ पडतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात आणि शाई फुटते. कूलरच्या खोलीत प्रिंटर चालेल, झोताच्या रेषेत नको. रीम फोडल्यावर उरलेले कागद वेष्टनातच गुंडाळून ठेवा. ७५ जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं माप) कागद घ्या, ७० चा पातळ कागद दोन्ही बाजूंनी रंगीत छापायला कमी पडतो.

लाइट जाण्याचं नीट समजून घ्या. बटणाने बंद केल्यावर प्रिंटर हेड उजवीकडे नेऊन रबरी टोपीवर बसवतो. ही टोपी म्हणजे शाईवरचं झाकणच. छपाई चालू असताना लाइट गेली किंवा भिंतीवरचा स्विच मारला की हेड मध्येच उघडं राहतं, आणि मे महिन्यातल्या रात्रीत ते वाळायला सुरुवात होते. म्हणून प्रिंटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. छापताना इंकजेट साधारण १०-१५ वॅट खातो, पंख्यापेक्षाही कमी. लेसर तसा लावू नका, तो तापताना शेकड्यांनी वॅट ओढतो. इन्व्हर्टर नसेल तर लाइट आल्याबरोबर एकदा बटणाने चालू करून बटणानेच बंद करा, हेड आपोआप जागेवर जातं.

लॅपटॉपशी जोडणीत तीन ठिकाणी माणूस अडतो. पहिलं, नव्या पातळ लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असतं आणि प्रिंटरची केबल जुन्या चौकोनी यूएसबीची, तेव्हा जोडणारा छोटा अ‍ॅडॉप्टर आधीच घ्या. दुसरं, बहुतेक स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय धरतात. फायबरच्या राउटरमध्ये २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव असेल तर जोडणी मध्येच गळते. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या आणि प्रिंटर त्याला जोडा. तिसरं, स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवर चालणारा विंडोज लॅपटॉप असेल तर कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचा एआरएम ड्रायव्हर (त्या प्रोसेसरसाठीचं, प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे का, हे पैसे देण्याआधी मोबाइलवर पाहा. सीडी मिळाली तरी ती बाजूला ठेवा, ड्रायव्हर साइटवरूनच घ्या.

वाया गेलेल्या शाईची टाकी बरेच जण विचारत नाहीत. हेड साफ करताना निघालेली शाई आत एका स्पंजमध्ये जमते, आणि प्रिंटर तिची मोजणी ठेवतो. मोजणी भरली की मशीन छापणं थांबवतं. कॅननच्या जुन्या जी मॉडेलांवर ५बी०० दिसतं, एप्सनचे दिवे आलटून पालटून लुकलुकतात. जी२०२०, जी३०२० मध्ये ही टाकी सुटी मिळते आणि आपण बदलू शकतो. गावाकडे राहणाऱ्याने याला दोनशे-चारशे रुपये जास्त मोजायला हरकत नाही.

जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, दुकानात पाच गोष्टी पक्क्या करा: बिलावर सिरियल नंबर आणि जीएसटी, चारही बाटल्या सीलबंद, वॉरंटी वर्षांची की पानांची, मेकॅनिक घरी येतो की मशीन न्यावं लागतं, आणि न्यायचं तर कुठे. सर्व्हिस सेंटर जवळच्या शहरात नसेल तर शहाद्याहून नाशिकला फेरी मारण्याची तयारी ठेवा. ‘आम्ही शाई भरून देतो’ म्हटलं तर नको म्हणा. मोटरसायकलवर शाई भरलेलं मशीन आडवं-तिडवं झालं की टाकीतून गळते आणि नळ्यांत हवा शिरते.

घरी आणल्यावर सपाट टेबलावर ठेवा, आतल्या निळ्या-नारिंगी टेपा एक एक करून काढा. झाकणावरचा रंग बघूनच बाटली उघडा, वरच्या रेषेपर्यंत भरा, रेषेच्या वर नाही. एप्सनची बाटली पिळू नका, शाई आपोआप उतरते. मग मार्गदर्शिकेत दिलेलं बटण दाबून शाई नळ्यांत भरू द्या. याला १० ते २० मिनिटं लागतात. या वेळात लाइट जाऊ नये म्हणून इन्व्हर्टरवरच करा, झाकण उघडून पाहू नका. पहिल्या शाईतला भाग नळ्या भरण्यातच जातो, म्हणून सोबतच्या बाटल्या कमी चालल्या तर घाबरू नका.

त्यानंतर नोझल चेकचं, म्हणजे हेडची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं, पान काढा आणि जपून ठेवा. त्यावर पायऱ्यांसारख्या बारीक रेषा असतात. काळी, निळी, गुलाबी सहज दिसते, पिवळी डोळ्यांना दिसतच नाही. अंधारात मोबाइलच्या स्क्रीनवर पूर्ण निळं चित्र लावून त्याच्या उजेडात पान धरा, पिवळ्या रेषा काळपट दिसतात आणि तुटकी रेष लगेच सापडते. रेष तुटली तर हेड क्लीनिंग एकदा करा, पुन्हा चेक काढा. तीनदा करूनही फरक नसेल तर थांबा. एप्सन किमान १२ तास न छापता राहू द्यायला सांगतो. कॅननमध्ये खोल सफाई केल्यावर मशीन बंद करून २४ तासांनी पुन्हा करायची. तोवर वाळलेली शाई ओली होते आणि हवेचे बुडबुडे वर येतात. एकामागोमाग दहा वेळा क्लीनिंग मारणारा फक्त बाटली स्पंजमध्ये ओततो. नळ्यांतली सगळी शाई बदलणारी शेवटची सफाई करण्यापूर्वी प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली हवी, नाहीतर नळीत हवाच ओढली जाते.

शाई खालच्या रेषेपर्यंत आली की भरा. एप्सनच्या स्वस्त मॉडेलांत टाकीत किती शाई उरली हे मशीनला समजत नाही, डोळ्यांनीच पाहावं लागतं. थर्मल हेड तर शाईनेच थंड राहतं, कोरडं चाललं की जळतं. बाजारातली सुटी शाई भरायचीच असेल तर पिगमेंटच्या टाकीत डाय आणि डायच्या टाकीत पिगमेंट कधीही ओतू नका, दोन्ही एकत्र आल्या की गुठळ्या होतात, आणि वॉरंटीही जाते.

आठवड्यातून एकदा चारही रंगांच्या पट्ट्या असलेलं एक पान काढा. अर्ध्या पानावर भागतं, उरलेल्या अर्ध्यावर पुढच्या आठवड्यात. मे महिन्यात गावी जाणार असाल तर निघायच्या दिवशी नोझल चेक काढा, बटणाने बंद करा, प्लग मग काढा, मशीन खिडकीपासून दूर घरातल्या थंड खोलीत ठेवा. टाक्या अर्ध्याच्या वर असाव्यात. परत आल्यावर आधी चेकचं पान, मग छपाई.