धंद्यासाठी फोनचा प्लॅन घेताय? या चुका टाळा

इचलकरंजीत मोबाइलचं दुकान चालवून मला बारा वर्षं झाली. धंद्यासाठी सिम घ्यायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "सगळ्यात स्वस्त कुठला?" मी विचारतो, "सिम कुणाच्या नावावर घेणार?" त्यावर माणूस वैतागतो, कारण त्याला पाच मिनिटांत काम उरकायचं असतं.

माझे एक जुने गिऱ्हाईक ग्रे कापडाचे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचे, व्यापारी आहेत. त्यांचा नंबर दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर आणि टेम्पोच्या मागच्या फळीवरही. सिम घेतलं त्या दिवशी शेठ सौद्यात अडकले होते, म्हणून दिवाणजींनी स्वतःचं आधार दिलं, अंगठा लावला आणि नंबर सुरू झाला. कित्येक वर्षं काही बिघडलं नाही. मग पगारावरून वाजलं आणि दिवाणजी काम सोडून गावी गेले. पुढच्या पावसाळ्यात फोन पाण्यात पडला, सिमही गेलं.

डुप्लिकेट सिम ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच मिळतं. शेठ माझ्या काउंटरवर उभे, तिकडे गोदामापुढे अहमदाबादचा ट्रक तागे भरून तयार, आणि ई-वे बिलाच्या, म्हणजे माल पाठवताना ऑनलाइन काढायच्या कागदाच्या, लॉगिनचा ओटीपी त्याच बंद नंबरवर. वीस तारीख तोंडावर आलेली, जीएसटी रिटर्नचा ओटीपीही तिथंच. दिवाणजींचा नवा नंबर कुणाकडेच नव्हता. शेवटी मी आणि शेठ गाडी काढून त्यांच्या गावी गेलो. माणूस सरळ. आधी चहा दिला, मग म्हणाले, "मालक, माझा हिशोब पुरा केला असता तर जाता जाता नंबर तुमच्या नावावर करून दिला असता." शेठ काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दिवाणजी सिम कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे तिच्या दुकानात, आले, अंगठा दिला आणि सिम मिळालं. ट्रक दोन दिवस खोळंबला होता.

म्हणून धंद्याचा नंबर फर्मच्या किंवा मालकाच्या नावावरच घ्या. पुतण्या, मॅनेजर, मेव्हणा नको. फर्मच्या नावावर घेताना प्रत्येक सिम वापरणाऱ्या माणसाचंही केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, लागतं. ते कटकटीचं वाटतं, पण करा. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. एका माणसाच्या नावावर 9 पर्यंतच चालतात. माझ्या गिऱ्हाइकांना मी एक वही करायला लावतो. नंबर, नाव, फोन कुणाच्या हातात, रिचार्जची तारीख. माणूस काम सोडतो त्या दिवशी आधी ती वही उघडायची.

दुसरी चूक रेंजची. मित्राकडे एका कंपनीची रेंज चांगली, म्हणून दहा सिम त्याच कंपनीची घेतात. कारखाना पत्र्याच्या शेडमध्ये. पत्रा सिग्नल अडवतो, हे सिम आल्यावर कळतं. रस्त्यावर चार कांड्या, मागच्या गोदामात एकही नाही. मी सांगतो, आधी एकच प्रीपेड सिम घ्या, 28 दिवस वापरा. गोदामात, ऑफिसात, रात्री घरी, गाडी ज्या रस्त्यानं जाते तिथं, सगळीकडे फोन लावून बघा. मग बाकीची घ्या. एवढा धीर फार थोड्यांना असतो. शेडमध्ये वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, बराच फरक पडतो.

28 दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला 12 नाही, 13 रिचार्ज. दर काढताना तसा काढा.

पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या दरावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. 399 चे 470 रुपये 82 पैसे होतात. बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालून घ्या, म्हणजे त्याचं क्रेडिट मिळतं, तेवढी रक्कम तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होते. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना, मिळत नाही.

साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरातीचे फोन लावत बसू नका. प्लॅनवर अनलिमिटेड लिहिलंय म्हणून ते चालत नाही. तक्रारी गेल्या की आउटगोइंग बंद होतं, पुन्हा केलंत तर नंबरच जातो.

कंपनी बदलायची असेल तर PORT लिहून पुढे नंबर टाकून 1900 ला मेसेज करायचा, मग पोर्टचा, म्हणजे कंपनी बदलायचा, कोड येतो. आधीच्या कंपनीत 90 दिवस झालेले असावेत आणि पोस्टपेडचं बिल थकलेलं नसावं. नंबर फर्मच्या नावावर असेल तर लेटरहेडवर अधिकारपत्र द्यावं लागतं. डुप्लिकेट सिम काढलं असेल तर 7 दिवस पोर्टचा कोड मिळत नाही, हा 1 जुलै 2024 पासूनचा नियम आहे. पोर्ट होताना नंबर काही तास बंद राहतो, म्हणून माझ्या गिऱ्हाइकांसाठी मी तारीख विसाव्या तारखेनंतरचीच धरतो.