कन्सोलचा चार्ज घेताना: आधी आवाजाच्या पट्ट्या बघा

रेडिओ डिस्पॅच कन्सोलवर, म्हणजे कंट्रोल रूममधून गाड्यांशी आणि पथकांशी रेडिओवर बोलायच्या टेबलावर, बसताना काय काय बघायचं ते लिहून ठेवतोय, कारण एकदा मी ते नीट बघितलं नाही. स्क्रीनवर सगळं ठीक दिसत होतं. प्रत्येक चॅनेलची एक अशा चौकटी जागच्या जागी, घड्याळ बरोबर, कुठे लाल नाही. तरी एक गाडी मला तीनदा हाक मारत राहिली आणि एकही हाक माझ्या कानावर आली नाही. आधीच्या पाळीत त्या चॅनेलवर सतत खरखर येत होती, म्हणून कुणीतरी त्या चौकटीतली आवाजाची पट्टी तळापर्यंत ओढली होती. खरखर थांबली, पट्टी मात्र खालीच राहिली. शेवटी दुसऱ्या चॅनेलवरच्या एका गाडीने सांगितलं, "कंट्रोल, ते तुम्हाला कधीचे बोलावतायत." नंतर कॉलची नोंद उघडली तर त्याच गाडीच्या नावाच्या तीन ओळी एकाखाली एक होत्या. रेकॉर्डिंग लावलं. आवाज अगदी स्वच्छ होता.

हेडसेट, खुर्ची, पासवर्ड यांवर मी काही लिहीत नाही. फक्त लॉगिन स्वतःच्याच नावाने करा. उघडा राहिलेला दुसऱ्याचा स्क्रीन तसाच पुढे वापरू नका, कारण नोंदीत त्याचं नाव जातं आणि मांडणीही त्याची असते. काही कन्सोलवर पट्ट्यांची जागा तुमच्या मांडणीबरोबर येते, काहींवर आधीच्याने ठेवली तशीच राहते. आपल्याकडे काय होतं ते माहीत असलं तरी बघा.

म्हणजे प्रत्येक चौकटीची पट्टी, एकेक करून. नजर फिरवून चालत नाही. छोट्या चौकटीत पूर्ण खाली ओढलेली पट्टी म्हणजे तळाशी एक बारीक करडी रेघ, आणि चाळीस चौकटींत ती दिसतच नाही. कर्सर नेऊन प्रत्येक पट्टीला हात लावा. खरा फास असा की कॉल आल्याचा दिवा आवाजावर अवलंबून नसतो. चौकट उजळते, गाडीचं नाव येतं, चार सेकंदांनी विझते, आणि त्या चार सेकंदांत तुम्ही शेजारच्या स्क्रीनवर घटनेचा पत्ता टाइप करत असता. सगळ्या चॅनेलचा आवाज एकदम बंद करणारं 'ऑल म्यूट' वेगळं. ते बहुतेक ठिकाणी ठरलेल्या सेकंदांनी आपोआप उठतं, पट्टी आपोआप वर येत नाही. तुमच्या सिस्टीममध्ये पट्टीला किमान मर्यादा घालायची सोय असेल, तर ती घालून घेण्यासाठी तंत्रज्ञांच्या मागे लागा.

आवाज आणखी दोन ठिकाणी मरतो. निवडलेलं चॅनेल हेडसेटमध्ये किंवा एका स्पीकरवर येतं, न निवडलेली सगळी मिळून दुसऱ्या स्पीकरवर. त्या दुसऱ्या स्पीकरला स्वतःची कळ असते, आणि रात्रीच्या शांततेत ती कमी करायचा मोह होतो. तिसरं ठिकाण म्हणजे चौकटीतलं म्यूट. पट्टी, स्पीकरची कळ, म्यूट: तिन्ही बघा. मग हातातल्या सेटवरून प्रत्येक चॅनेलवर एक चाचणी हाक द्या आणि ती कानाने ऐका. दिवा लागला म्हणून पुढे जाऊ नका, मी नेमकं तेच केलं होतं.

आता बोलण्याची बाजू. फूटस्विच (पायाने दाबायचं बोलायचं बटण) दाबला की बोलणं निवडलेल्या चॅनेलवर जातं, चौकटीतलं बटण दाबलं की फक्त त्या चौकटीवर. म्हणून आत्ता काय निवडलेलं आहे ते आधी वाचा, आणि एकाच वेळी अनेक चॅनेलवर बोलायचा गट आधीच्या पाळीतून उरला असेल तर मोकळा करा. नाहीतर एका पथकाला दिलेला हुकूम पाच पथकं ऐकतात आणि पाचही हलतात. बोलायची परवानगी मिळाल्याचा सूर येईपर्यंत थांबा. ट्रंक सिस्टीमला (जिथे मोकळी वाहिनी प्रत्येक कॉलला आपोआप वाटली जाते) वाहिनी मिळवायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात पहिला शब्द खाल्ला जातो. बटण सोडताना तर त्याहून जास्त काळजी घ्या. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'आत जाऊ नका' म्हणताना पाय अर्धा सेकंद आधी उचलला, तर पलीकडे 'आत जाऊ' एवढंच पोहोचतं. वाक्य संपवा, मग सोडा.

पॅच. दोन टॉकग्रुप (एकमेकांशी बोलणाऱ्या सेटचे गट) एकमेकांना जोडून ठेवलेले असतील तर ते कशासाठी, कुणी, कधीपर्यंत, हे आधीच्या माणसाकडून तोंडी घ्या. उत्तर मिळालं नाही तर पर्यवेक्षकाला विचारून तोडा. एक बाजू एन्क्रिप्टेड (बाहेरच्याला कळू नये म्हणून सांकेतिक केलेली) आणि दुसरी उघडी असेल तर उघड्या बाजूवर सगळं उघडंच ऐकू जातं. चौकटीवरची एन्क्रिप्शनची किल्लीची खूण बघून निर्धास्त राहू नका, पॅचच्या दोन्ही टोकांची खूण बघा. आणि पॅचमध्ये असलेल्या चॅनेलची पट्टी खाली असेल तर ती दोन पथकं एकमेकांशी व्यवस्थित बोलत राहतात, तुम्ही तेवढे बाहेर. त्यामुळे इथेही पट्टी बघा.

डीएमआर (डिजिटल रेडिओची एक पद्धत) असेल तर एवढं लक्षात ठेवा: १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीत दोन टाइमस्लॉट असतात, म्हणजे दोन बोलणी आळीपाळीने त्यातूनच जातात. स्क्रीनवर दोन वेगळ्या चौकटी दिसल्या तरी मागे रिपीटर (आवाज पुढे पाठवणारं यंत्र) एकच असू शकतो आणि तो पडला की दोन्ही एकदम जातात. एकीला दुसरीचा पर्याय धरू नका. टेट्रा या दुसऱ्या डिजिटल पद्धतीत २५ किलोहर्ट्झमध्ये चार स्लॉट. हिशेब तोच. कुठल्या चौकटी एकाच रिपीटरवर आहेत ते कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा.

आणीबाणीचं बटण. आधी सगळ्यांना सांगून एका सेटवरून ते दाबून बघा. चौकट लाल होते का, सेटचं नाव येतं की नुसता आकडा, सूर कुठल्या स्पीकरमधून येतो. नुसता आकडा आला तर पाळी सुरू व्हायच्या आत नाव भरून घ्या, कारण खऱ्या वेळी तो आकडा कुणाचा हे शोधत बसायला सवड नसते. 'पोचपावती' दाबल्याने तुमच्या टेबलावरचा सूर थांबतो, आणीबाणी संपत नाही. ती वेगळी मिटवावी लागते आणि तो माणूस सुखरूप असल्याचं कळल्याशिवाय मिटवायची नाही. इथेही तेच पुन्हा सांगतो: सूर वाजला तरी त्यामागून येणारा त्या माणसाचा आवाज त्याच पट्टीतून यायचा आहे. पट्टी तळाला असेल तर लाल चौकटीसमोर तुम्ही बहिरे बसून राहाल.

उरलेलं थोडक्यात. शेवटची काही मिनिटं लगेच परत ऐकायची सोय एकदा चालवून बघा, पण ऐकताना चालू चॅनेलवरचा कान काढू नका. कन्सोल आणि घटनानोंदीचं घड्याळ सेकंदापर्यंत जुळवा. शेजारच्या टेबलाचा आवाज तुमच्या माइकमध्ये घुमत असेल तर क्रॉस म्यूट (शेजारच्या टेबलाचं बोलणं आपल्या स्पीकरवर बंद करायची सोय) लावून घ्या. राखीव हातसेट चार्ज झालेला आणि बरोबर चॅनेलवर. पथक साइटपासून (रेडिओच्या मनोऱ्यापासून) तुटल्याची खूण कशी दिसते ते माहीत हवं.

उठताना: तुमचा पॅच तोडा किंवा सांगून द्या. गट मोकळा. आणीबाणी मिटलेली. आणि पाळीत जी पट्टी खाली ओढली असेल ती स्वतः वर करा. खरखर अजून चालूच असेल तर चॅनेलचं नाव घेऊन पुढच्या माणसाला तोंडी सांगा, आणि तो समोरच पट्टीला हात लावतो का ते बघितल्याशिवाय खुर्ची सोडू नका.