नवा पॉवर सप्लाय बसवला, पण पीसी सुरूच होत नाही?

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच राहते? मग आधी प्रोसेसरची वायर बघा. मदरबोर्डला २४ पिनांची मोठी वायर बहुतेक जण न चुकता लावतात. प्रोसेसरजवळ, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असलेली ४ किंवा ८ पिनांची १२ व्होल्टची वायर मात्र राहून जाते. तिथे ग्राफिक्स कार्डाची ६+२ पिनांची वायर जबरदस्तीने बसवू नका. दिसायला सारखी असली तरी तिची जोडणी उलटी असते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचीही वायर तपासा.

काहीच हालचाल नसेल तर सप्लायच्या मागचं बटण चालू आहे ना, ते पाहा (हसू नका, हे फार वेळा घडतं). मग २४ पिनांची वायर काढून पुन्हा खट् आवाज येईपर्यंत दाबा.

सप्लाय मॉड्युलर (म्हणजे ज्याच्या वायरी सुट्या काढता-लावता येतात असा) असेल तर जुन्या सप्लायच्या वायरी नव्याला अजिबात लावू नका, कंपनी एकच असली तरी. सप्लायकडच्या टोकाची पिनरचना ठरलेली नसते. हार्ड डिस्क क्षणात जळू शकते. लावल्या असतील तर आधी त्या काढा आणि बाकीची तपासणी नंतर करा.