‘कमळ’ आलं की शेवटच्या घरात आधी ज टाका
सकाळी ठाण्याहून लोकलमध्ये बसायला मिळालं की दादरपर्यंत पेपरातलं शब्दकोडं होतंच माझं, आणि त्यात हमखास येणारा क्लू म्हणजे ‘कमळ’, तीन अक्षरी. पंकज, सरोज, नीरज, अंबुज, सगळेच बसतात! मग मी काय करते, शेवटच्या घरात पेन्सिलीने हलकासा ज टाकते, कारण ज म्हणजे जन्मलेला, चिखलात नाहीतर पाण्यात, आणि पहिलं अक्षर उभ्या शब्दावरून काढते. (राजीव निघाला तर खोडायचं.) ढगाला तसाच द, म्हणजे देणारा: जलद, नीरद, अंबुद. समुद्राला धी, म्हणजे धारण करणारा: जलधी. नुसते प्रतिशब्द पाठ करण्यापेक्षा शब्द असा फोडून बघा खरंच. आणि हो, जोडाक्षराला घर एकच, भास्कर तीन घरांतच मावतो.