दोन तासांचं कीर्तन आणि अर्ध्या तासाचा कॅमेरा: तयारीची यादी

नारदीय कीर्तन दोन तास रंगतं, आणि बहुतेक डीएसएलआर 29 मिनिटं 59 सेकंद झाली की आपले आपण थांबतात. बुवा थांबत नाहीत. त्यामुळे तयारीची सुरुवात लेन्स किंवा लाइटपासून नव्हे, कॅमेरा नेमका कधी आणि कशामुळे थांबतो हे शोधण्यापासून करावी.

कारणं तीन, आणि तिन्ही वेगळी. पहिलं वेळेचं. सलग 30 मिनिटं किंवा जास्त चित्रण करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरून जादा आयात शुल्क लागायचं; ते टाळायला कंपन्यांनी एक सेकंद आधीच दार लावून घेतलं. काही मॉडेलांत चित्राचा वरचा दर्जा निवडला की ही मर्यादा आणखी खाली येते, म्हणून आपल्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून आकडा बघावा. दुसरं फाइलचं. 32 जीबीपर्यंतची कार्डं फॅट32 पद्धतीने फॉरमॅट होतात आणि तिथे एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. 2008 चा कॅनन 5डी मार्क 2 याच कारणाने साधारण 12 मिनिटांत थांबायचा. 2012 च्या मार्क 3 पासून 4 जीबीला नवी फाइल आपोआप सुरू होते, पण एकूण वेळ तीच, 29:59. तिसरं उष्णतेचं, त्याबद्दल पुढे.

आता कार्डाचं गणित. 5डी मार्क 3 वर फुल एचडी, आयपीबी पद्धतीत (शेजारच्या फ्रेम एकत्र दाबून साठवणारी) मिनिटाला सुमारे 235 एमबी लागतात, ऑल-आय पद्धतीत (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारी) सुमारे 685. म्हणजे दोन तासांना एकीकडे 28 जीबी आणि दुसरीकडे 82. आयपीबी पुरेसं आहे. कीर्तनात एक माणूस उभा असतो, कार रेसिंग नसते. 32 जीबीचं कार्ड काठोकाठ भरतं, तेव्हा 64 चं घ्यावं. वेगासाठी कार्डावर यू3 किंवा व्ही30 ची खूण असावी, म्हणजे सेकंदाला किमान 30 एमबी लिहिण्याची हमी. कार्ड मंद असलं तर कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण भरते आणि चित्रण मध्येच बंद पडतं. लोक दोष देतात कॅमेऱ्याला. आदल्या दिवशी जुना माल दोन ठिकाणी उतरवून कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं, लॅपटॉपवर नको.

मग कागदावर कीर्तनाचा आराखडा काढावा. नमन, पूर्वरंगातलं पद आणि निरूपण, मध्यंतरी नामगजर, बुवांना हार आणि बुक्का, नंतर उत्तररंगातलं आख्यान, शेवटी भैरवी आणि आरती. बुवांना आधी भेटून पूर्वरंग अंदाजे किती वेळ चालेल ते विचारावं. ते आनंदाने सांगतात. कॅमेरा 29:59 ला स्वतः थांबण्यापूर्वी, साधारण 22 ते 27 मिनिटांच्या पट्ट्यात, आपणच एखाद्या गजरावर किंवा पेटीच्या तुकड्यावर थांबवून लगेच पुन्हा सुरू करायचा. आख्यानाच्या ऐन प्रसंगात घड्याळ 28 दाखवत असेल, तर चूक तेव्हाची नसते, आधीच्या गजराला बटण दाबलं नाही ही असते.

दुसरा कॅमेरा मिळत असेल तर तो पहिल्यानंतर 12-15 मिनिटांनी सुरू करावा. दोघांचे थांबे मग एकत्र येत नाहीत. एकच कॅमेरा असेल तर श्रोत्यांची, तबल्यावरच्या हाताची आणि देवाच्या मूर्तीची काही मिनिटांची चित्रं कीर्तनाआधीच घेऊन ठेवावीत. जोडाच्या जागी तीच उपयोगी पडतात.

हे सगळं चालतं ते एका अटीवर: आवाज कुठेही तुटता कामा नये. चित्रातला दोन सेकंदांचा खंड झाकता येतो, ओवीतला नाही. म्हणून आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टीरिओ, सुरुवातीपासून आरतीपर्यंत सलग. दोन तासांना दोन जीबीच्या आसपास जागा लागते. बरेच छोटे रेकॉर्डर 2 जीबीला नवी फाइल करतात, तेव्हा शेवटी दोन फाइली दिसल्या तर घाबरू नये. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून तार घेणार असाल तर तो लाइन पातळीचा, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरकस, आवाज थेट कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात घालू नका, फाटतो. रेकॉर्डरचं इनपुट लाइनवर करून घ्या. पातळी हाताने लावावी, ऑटो बंद. रेकॉर्डरच्या मीटरवर बुवांचं नेहमीचं बोलणं उणे 18 डेसिबलच्या आसपास आणि मोठ्यात मोठा आवाज उणे 6 च्या आत. ही तपासणी बोलण्यावर करून भागत नाही, झांज वाजवून बघायची. आवाज फुटतो तो तिथेच. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालूच ठेवावा, कारण संपादनात प्रत्येक तुकडा रेकॉर्डरच्या आवाजाशी त्याच्याच आधाराने जुळतो. लांबच्या चित्रणात रेकॉर्डर आणि कॅमेरा यांची घड्याळं किंचित सरकतात. प्रत्येक नवा तुकडा स्वतंत्र जुळवला की ओठ आणि आवाज फार लांब जात नाहीत. तुकडे पडण्याचा हा एक फायदाच म्हणायचा.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत व्हिडिओ पद्धत पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत), सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 1/60 ठेवलं की ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसतात. स्वस्त एलईडी 1/50 लाही दगा देतात, तेव्हा सभामंडपातल्या त्याच दिव्यांखाली एक मिनिट चित्रित करून लॅपटॉपवर बघावं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर निरांजन जवळ आलं की चेहऱ्याचा रंग बदलतो. पांढऱ्या कापडावर एकदा मोजून पक्का करावा. एक्सपोजर बुवांच्या पांढऱ्या अंगरख्यावरून ठरवावं, चेहऱ्यावरून नव्हे, नाहीतर कापडाच्या चुण्या जळून जातात. बारीक रेघांचं उपरणं पडद्यावर लहरी दाखवतं. त्यावर उपाय म्हणजे फ्रेम थोडी मोठी किंवा लहान करणं.

फोकस मॅन्युअल. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) 50 मिमी लेन्स, पाच मीटर अंतर आणि लेन्सचं छिद्र एफ 4 असेल तर सुमारे दीड मीटर खोली स्पष्ट राहते आणि बुवांना पुढेमागे पावलं टाकता येतात. एफ 1.8 वर ती पाऊण मीटरच्याही आत येते. पडदा दहापट मोठा करून डोळ्यांवर फोकस लावा आणि बुवा साधारण कुठवर येतात तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझर बंद.

उष्णतेचं. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं थेट चित्र, चालू असेपर्यंत सेन्सर तापत राहतो, चित्रण चालू असो वा नसो. मे महिन्यातल्या बंद सभामंडपात कॅननवर आधी पांढरं तापमापीचं चिन्ह येतं, मग लाल. लाल आल्यावर चित्रण लवकरच बंद होणार असं समजा. म्हणून कीर्तनाआधी अर्धा तास पडदा चालू ठेवून फ्रेम न्याहाळत बसू नये, आणि मध्यंतरात कॅमेरा पूर्ण बंद करून दोन मिनिटं विसावू द्यावा. त्याच वेळी बॅटरीही बदलावी, अर्धी उरली असली तरी. पूर्ण चार्ज झालेल्या तीन बॅटऱ्या जवळ असाव्यात. भिंतीच्या विजेवर चालणारी डमी बॅटरी सोयीची खरी, पण वीज गेली तर चालू फाइल बिघडू शकते; इन्व्हर्टरची खात्री नसेल तर नकोच. ऑटो पॉवर ऑफही बंद करून ठेवा.

मर्यादा ओलांडायला कॅमेऱ्यात बाहेरचं सॉफ्टवेअर घालणारे भेटतात. घरी खेळून बघायला हरकत नाही, कार्यक्रमाच्या दिवशी नको. त्यापेक्षा स्वच्छ एचडीएमआय (तारेतून आकडे-चिन्हांशिवाय नुसतं चित्र) देणारा कॅमेरा आणि बाहेरचा रेकॉर्डर बरा, भाड्याने मिळतो.

बुवा उभे राहण्यापूर्वी पाच मिनिटं: रेकॉर्डर आधी सुरू, मग कॅमेरा, एक टाळी, आणि दोन्हींवर सेकंद पुढे सरकताहेत का ते डोळ्यांनी बघणं. लाल ठिपका दिसतो तेव्हाच चित्रण सुरू असतं, बटण दाबल्याच्या आठवणीवर जाऊ नये. फोनवर 22 मिनिटांचा कंपनाचा गजर लावा, आवाजाचा नव्हे. आणि घरी परतताना कॅमेऱ्याचं कार्ड आणि रेकॉर्डर एकाच पिशवीत ठेवू नका.